पावलाचा नकाशा

चप्पल घेणं हे लग्न ठरवण्यापेक्षा सोपं काम आहे, असं माझं मत होतं. ते मी जाहीरपणे मागे घेतो. आमचं लग्न एका बैठकीत, पोहे गार व्हायच्या आत ठरलं. चप्पल ठरायला मात्र दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ गेला आणि त्यात एक डॉक्टर, एक चिरंजीव, सोसायटीचे सेक्रेटरी, समोरचे शेजारी आणि शेवटी प्रत्यक्ष सत्यनारायण एवढ्यांना लक्ष घालावं लागलं.

मी उत्तरेश्वर देशमाने. पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, म्हणजे धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचो. आता निवृत्त. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट आहे. ती चालते, असं मी म्हटलेलं नाही.

तर दिवाळीनंतर एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि डाव्या टाचेत अशी कळ आली की मी जागच्या जागी ‘अगं आई गं’ केलं. मालन स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." पुरुषमाणसाचं हे उत्तर ठरलेलंच असतं. चार दिवसांनी भिंत धरून चालायला लागलो तेव्हा तिनं मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी टाचेवर अंगठा दाबला, मी खुर्चीतून उठलो, त्यावरून त्यांचं निदान झालं.

"वय झालं की टाचेखालची गादी झिजते," ते म्हणाले. "ती कडक चप्पल फेका. मऊ, जाड तळव्याची, पायाला बरोबर बसणारी चप्पल घ्या. टाच नीट टेकली पाहिजे. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! या वाक्यातलं ‘वय झालं की’ मला टाचेपेक्षा जास्त दुखलं, पण तो मुद्दा मी तिथे काढला नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. निवृत्त झाल्यापासून मी आणि मालन रोज संध्याकाळी सारसबागेपर्यंत चालत जायचो. टिळक रोड ओलांडायचा, क्लासची पोरं स्कूटर आडव्या लावून उभी असतात त्यांच्यातून वाट काढायची, बागेत एक फेरी, गणपतीला नमस्कार आणि परत. यात काही विशेष नाही, हे मला मान्य आहे. पण मालन घरात बोलते ते गॅस, दूध आणि कामवाली यांच्याबद्दल. तिच्या मनातलं काय असेल ते टिळक रोड ओलांडल्यावर सुरू होतं. टाच दुखायला लागल्यावर मी घरी बसलो. ती थोडे दिवस एकटी गेली, मग समोरच्या परचुरे वहिनींबरोबर बागेतल्या हास्य क्लबात जायला लागली. परत यायची ती हसतच यायची. मी बाल्कनीत बसून तिची वाट बघायचो आणि आल्यावर "उशीर झाला आज" म्हणायचो. मला वाटायचं मला राग आलाय. राग कसला, वाईट वाटायचं. आपल्यावाचून बायको हसते, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पटलं नाही.

तेव्हा चप्पल घ्यायची आणि बायकोबरोबर पुन्हा फिरायला जायचं, एवढाच माझा कार्यक्रम होता.

सल्ल्याला पहिले आले ते समोरचे कमलाकर परचुरे. परचुरे लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून आता त्यावर पेन्शन घेतात. माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "देशमाने, हे लाड आहेत. पायाला सवय लावावी, चपलेला नव्हे. आमचे वडील पंच्याऐंशीव्या वर्षी खडावा घालून जिना उतरायचे."

"मग?"

"मग काय, पडले. पण टाच दुखली नाही कधी."

मी चहा विचारला. ते म्हणाले, "घेऊन आलोय," आणि तासभर बसले.

दुसरा सल्ला आला हिंजवडीहून. आमचा योगेश तिथे कंपनीत आहे आणि तिकडेच राहतो. पेठेत यायचं म्हणजे ट्रॅफिकमुळे त्याला परदेशातून आल्यासारखं वाटतं, म्हणून तो फोनच करतो. "बाबा, दुकानात कशाला जाताय? मी ऑर्डर करतो ना. सुपर कम्फर्टेबल वॉकिंग शूज आहेत. क्लाउडवर चालल्यासारखं वाटेल."

"ढगांवर चालायला अजून अवकाश आहे," मी म्हणालो.

पण बूट आले. खोकं उघडलं आणि मालननं ट्यूबलाइट बंद केली, कारण त्याची आता गरज नव्हती. रंग पोपटी, नाड्या नारिंगी. मऊ होते, ते नाकारत नाही. मी ते घालून मालनबरोबर निघालो. टिळक रोडवर क्लासची तीन पोरं उभी होती, त्यातला एक म्हणाला, "काका, नाइस शूज!" तो मनापासून म्हणाला होता, म्हणूनच जास्त लागलं. पुढे गणपतीपाशी गेलो. आता आपल्याकडे पावलोपावली पादत्राणं काढावी लागतात. देवापुढे काढा, कुणाच्या दारात काढा, काही दवाखान्यांतसुद्धा काढा. ज्यानं कुणी नाड्यांचे बूट शोधले त्याच्या गावात देव आणि शेजारी दोन्ही नसावेत. मी पायरीवर बसून गाठ सोडतो आहे तोवर मालन दर्शन घेऊन, प्रदक्षिणा घालून, प्रसाद घेऊन परत आली. मी पुन्हा नाडी बांधायला लागलो. ती उभी राहून कंटाळली आणि तिकडून हास्य क्लबाच्या बायकांनी तिला हाक मारली. ती गेली. मी एक बूट घातलेला आणि एक हातात, अशा अवस्थेत गणपतीसमोर बसून राहिलो.

घरी आलो तर परचुरे जिन्यात. बुटांकडे बघून म्हणाले, "सिग्नल हिरवा झालेला दिसतोय," आणि बाजूला होऊन मला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी मी योगेशला फोन करून बूट परत घ्यायला सांगितले. परत करण्याचं कारण अ‍ॅपमध्ये निवडावं लागतं म्हणे. त्यानं कारणं वाचून दाखवली. साइज चुकला, रंग वेगळा आला, माल फाटका निघाला. ‘शेजारी बोलतात’ असं कारण त्यात नव्हतं. ‘रंग वेगळा’ निवडू या, असं मी सुचवलं, तर तो म्हणाला, "बाबा, फोटोत हाच रंग होता." म्हणजे पोरानं बघून, समजून, उघड्या डोळ्यांनी हा रंग बापासाठी निवडला होता! न्यायला माणूस आला तेव्हा त्यानं विचारलं, "टॅग कुठंय?" टॅग मी कापून टाकला होता. नवी वस्तू वापरायची तर चिठ्ठी कापूनच वापरतात, ही आमच्याकडची रीत. "बरं, बॉक्स?" खोक्यात मालननं दिवाळीच्या पणत्या भरून ते माळ्यावर टाकलं होतं. मी शिडी आणली, माळ्यावर चढलो, पणत्या खाली दिल्या, खोकं काढलं, तोवर तो माणूस ‘ग्राहकाने नकार दिला’ अशी नोंद करून निघून गेला होता. नकार म्हणे मी दिला होता! मी शिडीवर होतो!

मग सोसायटीचे सेक्रेटरी संभाजी थोपटे मदतीला धावले. माणूस फार कार्यक्षम. त्यांनी स्वतःची एक चप्पल आणून दिली, तिच्या आत रबराचे टोकदार काटे होते. "शरीरातले सगळे बिंदू दाबले जातात," ते म्हणाले. "मूत्रपिंड, यकृत, सगळं तळपायातच आहे." मी ती घालून जिन्यात दोन पावलं टाकली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं. थोपटे आनंदानं म्हणाले, "बघा, यकृत!"

मी चप्पल परत केली. त्याचा राग म्हणून नव्हे, असं ते म्हणतात, पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी नवा नियम काढला. जिन्यातले चपलांचे सगळे रॅक हटवायचे, आग लागली तर पळायला वाट हवी, पादत्राणं आपापल्या घरात ठेवायची. मी म्हणालो, "अहो, आग लागली तर लोक चपला घालायला थांबणार आहेत का?" थोपटे म्हणाले, "अर्ज द्या." अर्ज दिला. समितीपुढे गेला. समितीत खजिनदार परचुरे. त्यांनी शेरा मारला, ‘अर्जदाराच्या पादत्राणांचा रंग पाहता नियम योग्य वाटतो.’ रॅक गेले.

आता मात्र माझ्यातला आरेखक जागा झाला. अंदाजपंचे दाहोदरसे हे काम होणार नाही, मोजमाप पाहिजे. मी माळ्यावरून जुना ट्रेसिंग पेपर काढला, जमिनीवर पसरला, त्यावर उजवं पाऊल ठेवलं आणि पेन्सिल उभी धरून बाहेरून रेघ मारली. लांबी, रुंदी, टाचेचा घेर, अंगठ्याची उंची, सगळं लिहिलं. मग मध्यरेषा मारली आणि कागद दुमडून त्याच रेषेवरून डावं पाऊल उलटवून घेतलं. नकाशाची ही पद्धतच आहे. धरणाची अर्धी बाजू काढायची आणि उरलेली अर्धी उलटवायची. जे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं ते दोनदा मोजण्यात वेळ घालवू नये, हे आमच्या साहेबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. खाली सुबक अक्षरात लिहिलं, ‘पाऊल, वरून दृश्य, प्रत्यक्ष आकार’.

मालनला दाखवला. तिनं नकाशाकडे बघितलं, मग खाली माझ्या पायांकडे बघितलं, मग पुन्हा नकाशाकडे. काहीतरी बोलणार असं वाटलं.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. छान आलाय. चहा टाकते."

नकाशाची गुंडाळी काखेत मारून मी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात गेलो. काउंटरवर उलगडला. दुकानदारानं चष्मा वर केला, गुंडाळीचे कोपरे दोन बुटांनी दाबले आणि शांतपणे विचारलं, "महापालिकेची मंजुरी आणलीय का?"

"मापं आहेत ही. याप्रमाणे चप्पल द्या."

"आम्ही पाय बघून देतो. पाय आणलाय ना?"

अपमान गिळला. चप्पल मात्र त्यानं चांगली काढली. काळी, जाड मऊ तळवा, वर रुंद पट्टा, टाचेला खोलगट बैठक. आठ नंबर. उजव्या पायात घातली आणि माझ्या तोंडून ‘अहाहा’ निघालं. नकाशावर ठेवली, रेघेला रेघ जुळली.

"काका, डावीही घालून बघा," दुकानदार म्हणाला.

"गरज नाही. नकाशा आहे."

"बघा बुवा. एकदा फुटपाथला लागली की चप्पल तुमची. बदलून मिळणार नाही."

"माझा नकाशा आजवर चुकलेला नाही," मी म्हणालो आणि चप्पल बांधून घेतली.

आता जे झालं ते सांगताना मला आजही कसंसंच होतं. घरी येऊन दोन्ही पायांत घातली. उजव्या पायाला स्वर्ग. डावा पाय पट्ट्यात शिरेना. शिरला तर अंगठा पुढे बाहेर आणि टाच मागे, बरोबर काठावर. दुखरी टाच! ज्या टाचेसाठी हा सगळा उपद्व्याप केला तीच खोलगट बैठकीबाहेर! मी स्वतःला सांगितलं, नवीन आहे, सैल होईल. मालनला सांगितलं, "एकदम फर्स्ट क्लास." संध्याकाळी मोठ्या दिमाखात तिच्याबरोबर निघालो आणि टिळक रोडच्या अलीकडे एका दुकानाच्या पायरीवर बसलो.

"दुखतंय का?" मालननं विचारलं.

"छे! रहदारी बघतोय जरा. तू हो पुढे."

ती थांबली. माझ्या डाव्या पायाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "बरं, येते मी," आणि गेली. मी खरंच रहदारी बघत बसलो. बराच वेळ रहदारी होती.

पुढे जे झालं ते परचुऱ्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. माझ्या चपलेला ते दोन आठवडे नावं ठेवत होते. "तळवा जाड आहे, जमिनीशी संबंध तुटतो." "पट्टा रुंद आहे, बायकी वाटते." आणि एक दिवस जिन्यातून फटक, फटक असा आवाज आला. दार उघडून बघतो तर परचुरे माझीच चप्पल घालून वर चढताहेत! म्हणजे माझी नव्हे, पण तीच. तोच रंग, तोच पट्टा.

"अरे वा," मी म्हणालो.

"दुकानदाराच्या आग्रहामुळे घ्यावी लागली," परचुरे म्हणाले. "फक्त मी तुमच्यासारखी आठ नाही घेतली, नऊ घेतली. पादत्राण नेहमी एक नंबर मोठं घ्यावं. पाय वाढत नसला तरी मोजा वाढतो."

"आवाज येतोय एका पायाचा."

"कुठला आवाज?" असं म्हणून ते डावं पाऊल घासत घासत आत गेले. मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

माघ महिन्यात थोपट्यांनी तळमजल्यावर सत्यनारायण घातला. सगळी इमारत गोळा झाली. दाराबाहेर पादत्राणांचा ढीग पडणार, म्हणून थोपट्यांनी आधीच बजावलं होतं की शिस्तीत ओळीनं लावायची. ती जबाबदारी मालन आणि परचुरे वहिनींनी आपण होऊन घेतली. दोघी दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला जोडीनं लावत होत्या आणि मधूनमधून खुदकन हसत होत्या. हास्य क्लबाचा परिणाम, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं. पोथी झाली, आरती झाली, शिरा वाटला. मी तीन वेळा घेतला. बाहेर येऊन चप्पल पायात सरकवली आणि जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर आलो तेव्हा लक्षात आलं की दुखत नाहीये. दुसऱ्या मजल्यावर आलो, तरी दुखत नाही! डावी टाच कशी आईच्या मांडीवर बसावी तशी बैठकीत बसलेली.

आता मी तसा देवभोळा नाही. पण पोथीतल्या राजाला प्रसाद टाकल्यावर काय झालं ते नुकतंच ऐकलं होतं आणि मी तर तीन वेळा घेतला होता. मी देव्हाऱ्यासमोर उभा राहून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालनला म्हणालो, "चल." टिळक रोड ओलांडला. दुखलं नाही. बागेत फेरी मारली. दुखलं नाही. गणपतीपाशी चप्पल एका झटक्यात काढली, एका झटक्यात घातली. येताना मालन बोलायला लागली. तिच्या बहिणीच्या घरचं, भाचीला, रुपालीला, बढती मिळणार आहे ते, लहानपणी लातूरला त्यांच्या अंगणात चिंच होती ती गेल्या वर्षी पाडली म्हणे, ते. मी हूं हूं करत ऐकत होतो. इतकं छान वाटत होतं की मी तिला न विचारता भेळ घेतली.

असे पंधराएक दिवस सुखात गेले. मग एका सकाळी चप्पल धुवायला घेतली, तळवा उलटा केला आणि हातातला ब्रश गळून पडला. उजव्या चपलेवर आठ. डाव्या चपलेवर नऊ.

सत्यनारायण नव्हे, परचुरे! त्यांची डावी माझ्याकडे आणि माझी डावी त्यांच्याकडे. म्हणजे इतके दिवस मी शेजाऱ्याची चप्पल घालून देवाचे आभार मानत होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे माझा डावा पाय मोठा आहे! जन्मापासून मोठा आहे! मी माझ्या स्वतःच्या पायाचा नकाशा चुकवला होता. आमचे साहेब आज हयात असते तर त्यांना तोंड दाखवलं नसतं.

काय करावं? रॅक असते तर दुपारी सगळे झोपल्यावर जिन्यात गुपचूप बदलून टाकली असती. पण नियम! आता चप्पल परचुऱ्यांच्या घरात, दाराच्या आत. म्हणजे बेल वाजवून, तोंडानं सांगून द्यायला हवी. परचुऱ्यांना! आणि दिली की टाच पुन्हा काठावर आणि मी पुन्हा बाल्कनीत. मालन चिंचेचं पुढचं कुणाला सांगणार? परचुरे वहिनींना. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. रात्री वाटायचं, चोरी ती चोरीच. सकाळी वाटायचं, मुद्दाम कुठे केली? संध्याकाळी मी तीच चप्पल घालून फिरून यायचो.

शेवटी तिसऱ्या दिवशी मन घट्ट केलं, डावी चप्पल भाजीच्या पिशवीत घातली, पायात दुसरं काही नसल्यामुळे पोपटी बूट चढवले आणि समोरची बेल दाबली.

परचुऱ्यांनी दार उघडलं. पूर्ण नाही, चेहऱ्यापुरतं. "काय देशमाने?"

"काही नाही. पेपर आला का?"

"तुम्ही तर दुसरा पेपर घेता."

"हो. पण तुमचा आला का, म्हटलं."

"आला." त्यांनी पिशवीकडे बघितलं. "भाजी?"

"हो."

"कुठली?"

"दोडका."

"टोक काळं दिसतंय."

"जून आहे," मी म्हणालो.

एरवी परचुरे अशा वेळी माणसाची साल काढतात. आज त्यांनी बुटांवरसुद्धा काही म्हटलं नाही. दार मात्र घट्ट धरून ठेवलं होतं आणि पाऊल मागे, आडोशाला. मग एकदम म्हणाले, "थोपट्यांकडचा शिरा छान होता."

"अप्रतिम."

"असे कार्यक्रम व्हायला हवेत."

"वारंवार नकोत पण," मी घाईनं म्हणालो.

"नाही नाही, वारंवार नकोच!" परचुरे माझ्याहून घाईनं म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी पिशवी घेऊन परत आलो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गेले कित्येक दिवस जिन्यातून फटक फटक आवाज आलेला नाही.

त्या संध्याकाळी सारसबागेत बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही. मालनला सगळं सांगून टाकलं. नंबर, नकाशा, पिशवी, दोडका. "मी चोर आहे, मालन," मी म्हणालो. "आणि मला ती परत द्यायची नाहीये. परत दिली तर मला तुझ्याबरोबर येता येणार नाही, आणि तू त्या बायकांबरोबर हसत जाशील, आणि मला ते आवडत नाही. झालं?"

मालन हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग उघड. हास्य क्लबातल्या बायका वळून बघायला लागल्या इतकी हसली. डोळे पुसून म्हणाली, "अहो, चोर कसले? आम्हीच ठेवली ती तशी. परचुरे वहिनींनी आणि मी."

"काय?"

"वहिनी क्लबात रडकुंडीला आल्या होत्या. यांचा उजवा पाय मोठा, म्हणून नऊ घेतली, आता डावी पायातून निसटते, जिन्यात पडतील, आणि सांगायला गेलं तर चूक मान्य करायची नाही. मी म्हटलं, आमच्याकडे अगदी उलटं आहे. मग थोपट्यांचा सत्यनारायण आला. दोन डाव्या चपला तर इकडच्या तिकडे करायच्या होत्या."

मला एक शंका आली. "पण माझा डावा मोठा आहे, हे तुला कसं कळलं? मला माहीत नव्हतं!"

"लग्न झाल्यापासून तुमच्या डाव्या बाजूनं चालते मी," मालन म्हणाली. "खाली बघून चालायची सवय आहे मला. तुमचा डावा पाय मला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

"मग नकाशा दाखवला तेव्हा बोलली का नाहीस?"

"इतका सुंदर काढला होता," ती म्हणाली. "आणि तुम्ही इतके खूश होता. माझ्यानं नाही बोलवलं."

मी वाकून डाव्या चपलेचा पट्टा उगाच नीट केला. ती समोर तळ्याकडे बघत म्हणाली, "क्लबात हसायचं काय, सगळ्या हात वर करून हसतात म्हणून आपणही हसायचं. घरी यायच्या वाटेवर बोलायला कुणी नसायचं. तुमची टाच बरी व्हायची मलाही घाई झाली होतीच की."

तेवढ्यात समोरून परचुरे आणि वहिनी येताना दिसले. परचुरे ताठ मानेनं, बिनआवाजाची पावलं टाकत. मला बघून त्यांची नजर आपोआप खाली गेली, माझ्या डाव्या पायावर. माझी त्यांच्या डाव्या पायावर. दोन्ही बायका आभाळाकडे बघत होत्या.

"देशमाने," परचुरे घसा साफ करून म्हणाले, "या चपला वर्षभर टिकतील फार तर. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा हाक मारा. दुकानात बरोबरच जाऊ."

"अवश्य," मी म्हणालो. "आणि थोपट्यांना सांगायला नको."

"त्यांना कशाला? अर्ज द्या म्हणतील."

ते पुढे गेले. मालन उठली, साडी झटकली आणि सवयीनं माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. आम्ही चालायला लागलो. चिंचेचं पुढे काय झालं, ते तिनं टिळक रोड ओलांडून पेठेत आलो तरी सुरूच ठेवलं.